लॉन मोवरची केबल बदलताना बाहेरची तार मोजा

मृग लागला की आमच्या सोसायटीच्या हिरवळीला उधाण येतं. आम्ही राहतो कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला. पाऊस एकदा लागला की आठ दिवसांत गवत घोट्याच्या वर जातं. मग माळीकाका शेडमधून मोवर बाहेर ओढतात, दोनचार वेळा दोरी हिसकतात आणि रविवारी सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणतात, "दादा, मशीन उठंना झालंय. इंजिन गेलं बहुतेक."

इंजिन गेलेलं नसतं. दहातल्या आठ वेळा हँडलपासून खाली इंजिनाकडं जाणारी एखादी केबल गंजलेली, सरकलेली किंवा तुटायला आलेली असते. काम दोन तासांचं, हत्यारं घरातली. तरीही या कामात मी एकदा सपशेल फसलोय. दिवसभर शिरोलीच्या एमआयडीसीत मायक्रोनच्या गप्पा मारणारा माणूस सुट्टीच्या दिवशी १० मिलिमीटरला चुकला. ते पुढं येईलच.

आधी केबल समजून घेऊ. नळीच्या आत तार, एवढंच तिचं रूप. अर्नेस्ट बाऊडन याच्या नावावर १८९६ सालचं तिचं पेटंट आहे आणि सायकलच्या ब्रेकपासून बुलेटच्या क्लचपर्यंत आजही तीच वस्तू चालते. लक्षात ठेवायचं ते हे, की तार ओढली जाते ती नळी दोन्ही टोकांना घट्ट अडकलेली असते म्हणून. नळी एका टोकाला निसटली, तर तार धडधाकट असूनही लिव्हर नुसतीच हलते आणि खाली काही पोचत नाही. म्हणून "केबल तुटली" म्हणण्याआधी नळीची दोन्ही टोकं आपापल्या खाचेत बसलेली आहेत का, ते बघा. मी नवीन केबल आणून मग जुनीची नुसती क्लिप सुटली होती हे कळण्याचा मूर्खपणाही एकदा केला आहे.

कोणती केबल दुखतेय?

मागून ढकलायच्या पेट्रोल मोवरला एक, दोन किंवा तीन केबली असतात.

पहिली ॲक्सिलरेटरची. तिच्या लिव्हरवर ससा आणि कासव काढलेलं असतं. लिव्हर सशावर नेऊनही इंजिन कासवासारखंच धुसफुसत असेल, तर ही केबल इंजिनाजवळच्या क्लॅम्पमधून सरकली आहे. लिव्हर 'बंद'वर नेऊनही इंजिन बंद होत नसेल, तरी दोष बहुतेक हाच.

दुसरी ब्रेकची. हँडलला समांतर एक आडवी दांडी असते. ती हँडलशी दाबून धरली तरच मशीन चालू राहतं. दांडी सोडली की आत दोन गोष्टी एकदम होतात: फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, ब्रेकचा पॅड बसतो आणि ठिणगीची वायर अर्थ होऊन इंजिन मरतं. म्हणजे केबल ओढलेली असेल तेव्हा ब्रेक सुटलेला आणि केबल सैल असेल तेव्हा ब्रेक लागलेला. हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. दांडी दाबूनही दोरी दगडासारखी जड लागते, किंवा दोरी ओढली जाते पण ठिणगीच पडत नाही, अशी तक्रार असेल तर ही केबल सैल पडली आहे.

तिसरी चाकांची. मशीन स्वतःहून पुढं चालणारं असेल तरच ती असते. चाकं ओढत नसतील तर ती ताणून लांबलेली आहे. लिव्हर सोडल्यावरही चाकं चालूच राहत असतील तर ती नळीत गंजून अडकलेली आहे किंवा जास्त ताणून बसवलेली आहे.

संशय पक्का करायची एक सोपी युक्ती आहे. केबलचं इंजिनाकडचं टोक सोडवा आणि नुसती तार हातानं मागंपुढं करून बघा. लोण्यातून फिरल्यासारखी फिरली तर केबल निर्दोष आहे, दोष लिव्हरमध्ये किंवा इंजिनाकडच्या स्प्रिंगमध्ये शोधा. खरखरली, मध्येच अडली, सोडल्यावर परत आली नाही, तर चोर सापडला.

हात घालण्यापूर्वी

इंजिन अर्धा तास गार होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला बांधून ठेवा. नुसती काढून ठेवली तर ती परत प्लगला टेकते. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. मशीन कलतं करावं लागलं तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असंच कलतं करा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये शिरतं आणि नंतर पांढरा धूर बघून घाबरायला होतं. विजेवरचा मोवर असेल तर पिन सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवा.

कुणी म्हणेल, केबल तर वर हँडलवर आहे, एवढं कशाला? १८ इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग तासाला अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. हिशेब करून बघा, टोकाच्या वर्तुळाचा परीघ आणि फेरे गुणले की आकडा निघतो. केबलशी झटापट करताना पातं हातानं फिरलं आणि इंजिनानं एक उचकी जरी दिली, तरी बोटं जायला तेवढी पुरे.

हत्यारं म्हणाल तर ८ आणि १० चा पाना, एक सपाट आणि एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लांब चोचीची पक्कड, मोजपट्टी, थोडी सुतळी आणि तीनचार केबल टाय. आणि मोबाइल, फोटोसाठी.

जुनी केबल काढणं

फोटो आधी काढा. लिव्हरच्या आतली बाजू, केबल कुठून कुठं जाते, कुठल्या क्लिपमध्ये अडकते, इंजिनाकडच्या पत्र्यावर कितव्या भोकात तिचं टोक आहे. तिथं दोन-तीन भोकं जवळजवळ असतात आणि "आपल्याला आठवेल की" हा भ्रम असतो. केबलला ताण कमीजास्त करायचा, आटे असलेला ॲडजस्टर असेल तर तो किती बाहेर आलेला आहे, तेही बघून ठेवा.

मग इंजिनाकडून सुरुवात करा. ॲक्सिलरेटरच्या केबलला क्लॅम्पचा स्क्रू ढिला करायचा आणि झेडसारखं वाकवलेलं तारेचं टोक भोकातून तिरकं करून काढायचं. ब्रेकच्या केबलची नळी बहुतेक प्लास्टिकच्या कानांनी पत्र्यात अडकवलेली असते. चोचीच्या पक्कडीनं दोन्ही कान दाबून ती मागं ढकला. उपसायला जाल तर कान तुटतात. त्यानंतर हँडलकडचं टोक. लिव्हरची प्लास्टिक पेटी उघडताना आतली छोटी स्प्रिंग उडून गवतात जाते, म्हणून खाली जुनी चादर अंथरा. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण आमच्या हिरवळीत अजून एक स्प्रिंग आहे.

केबल क्लिपांमधून ओढून काढण्याआधी तिच्या एका टोकाला सुतळी बांधा. केबल निघते आणि तिच्या वाटेनं सुतळी मागं राहते. नवी केबल त्याच सुतळीला बांधून ओढली की वाट चुकत नाही.

मोजमाप, आणि माझा फजितवाडा

दोन वर्षांपूर्वी ब्रेकच्या केबलची तार टोकाच्या गोळ्याजवळ उसवली होती. सात-आठ पदरांपैकी तीन तुटलेले. मी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली, तेवढीच लांब केबल एका दुकानातून आणली, टोकाचे गोळेही जुळले, केबल मस्त बसली. दोरी एका हिसक्यात ओढली गेली, इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. मी खूश.

काकांनी अर्धी हिरवळ कापली, पाण्याची पाईप आडवी आली म्हणून दांडी सोडली आणि वाकले. इंजिन बंद झालंच नाही. घरघर चालूच आणि खाली पातं फिरतंय. काकांचा हात पाईपपाशी, पात्यापासून हातभर अंतरावर. मी ओरडलो, त्यांनी लिव्हर 'बंद'वर ओढली, तेव्हा कुठं ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी जुनी आणि नवी अशा दोन्ही केबली घेऊन उद्यमनगरात गेलो. लेथ, ओतकाम, वेल्डिंग अशा आवाजांत एका बोळात एक वयस्क मिस्त्री गाड्यांच्या केबली बनवून देतात. मी सांगायला लागलो, "साडेचार फुटी केबल आहे, तेवढीच आणली होती..." त्यांनी हात वर केला.

"साहेब, लांबी कशाला सांगताय? तार बाहेर किती राहतीय ते सांगा की."

त्यांनी दोन्ही केबली बाकावर शेजारी शेजारी ताणल्या. तारा एकाच लांबीच्या. नळी मात्र नवीची १० मिलिमीटर जास्त. म्हणजे नळीच्या बाहेर राहणारी तार १० मिलिमीटर कमी. मशीनवर बसवल्यावर दांडी सोडली तरी तार कायम ताणलेलीच राहत होती, ब्रेक अर्धवट सुटलेलाच राहत होता आणि ठिणगी अर्थ व्हायची ती होतच नव्हती. केबल चांगली होती, नवी होती, लांबीही बरोबर होती आणि तरी ती चुकीची होती.

तेव्हापासून मी तीन आकडे कागदावर लिहितो. नळीची लांबी, एका टोपणापासून दुसऱ्या टोपणापर्यंत. तारेची पूर्ण लांबी, एका गोळ्याच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत. आणि दोघांतला फरक, म्हणजे बाहेर राहणारी तार. मोजताना केबल सरळ ताणा. वेटोळ्यात नळी आणि तार यांची लांबी एकसारखी वाकत नाही आणि दोन-चार मिलिमीटर हमखास खोटे येतात. आटे असलेला ॲडजस्टर असेल तर तो पूर्ण आत फिरवून मोजा. बाहेरच्या तारेतली कमीजास्त दोन मिलिमीटर ॲडजस्टर गिळतो. दहा गिळत नाही.

ती बाहेरची तार कमी पडली तर ब्रेक नीट लागत नाही, आणि जास्त झाली तर ब्रेक नीट सुटत नाही, दोरी जड लागते. दुसरी चूक निदान लगेच कळते. पहिली चूक मशीन छान चालतंय असं भासवते.

दुरुस्ती की बदली?

नुसता गंज आणि खरखर असेल तर केबल वाचू शकते. ती खिळ्याला उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून चिकटपट्टीनं गुंडाळा, त्या फनेलमध्ये शिलाई मशीनचं तेल दोन चमचे ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या टोकातून तांबूस तेल ठिबकलेलं दिसतं. तार पंधरा-वीस वेळा मागंपुढं करा. ग्रीस मात्र घालू नका. ते आत उतरत नाही, तोंडाशीच बसतं आणि गवताचा भुसा धरून ठेवतं. नळीच्या आत नायलॉनचं अस्तर असेल तर तेलाचीही फारशी गरज नसते. तशी केबल अडत असेल तर अस्तरच झिजलंय, बदला.

तारेचा एक जरी पदर तुटलेला असेल, नळी कुठं चेपली किंवा मोडून दुमडली असेल, किंवा उंदरानं प्लास्टिक कुरतडून आतली गुंडाळी उघडी पडली असेल, तर ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेकच्या केबलला गाठ, डाग, जोड यांपैकी काहीही चालत नाही. स्क्रूनं आवळायचा तयार गोळा मिळतो, तो सायकलवर ठीक, इथं नको.

मूळ कंपनीची केबल मिळाली तर उत्तमच. मॉडेलचा क्रमांक हँडलजवळच्या किंवा डेकवरच्या (पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणावरच्या) पट्टीवर असतो, इंजिनाचा वेगळा असतो; दुकानात दोन्ही न्या. जुनं मॉडेल असेल तर नमुना देऊन बनवून घ्यायची. फक्त बनवणाऱ्याला केबल कशाची आहे ते सांगा, कारण ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये एक खोच आहे. ती बहुतेक मोवरमध्ये पीळ दिलेली नसून एकच कडक तार असते. लिव्हर एका बाजूला नेली की ती ओढते, दुसऱ्या बाजूला नेली की ढकलते. मोटरसायकलची पीळदार तार ओढेल झकास, पण ढकलताना ती बाक घेईल आणि 'बंद'ची खूण कधीच लागणार नाही. कडक तारेला झेड वाकवताना चोचीच्या पक्कडीनं एकदाच वाकवा. चुकलं म्हणून सरळ करून परत वाकवली तर ती तिथंच तुटते, आणि तापवून मऊ केली तर तिची ताकद जाते.

नवी बसवणं

सुतळीला बांधून नवी केबल जुन्याच वाटेनं ओढा. वळण चहाच्या बशीपेक्षा लहान नको. सायलेन्सरपासून निदान वीतभर लांब. हँडल घडी होणारं असेल तर आत्ताच एकदा घडी घालून, उघडून बघा. नव्या केबली जास्त करून तिथंच, बिजागरीत चिमटून मरतात. टाय बांधा पण करकचून नको, नळी त्यात थोडी सरकली पाहिजे. आधी हँडलकडचं टोक अडकवा, मग इंजिनाकडचं.

ॲक्सिलरेटर असा लावायचा: क्लॅम्पचा स्क्रू ढिला ठेवा. लिव्हर पूर्ण सशावर न्या. इंजिनाकडची पट्टी बोटानं पूर्ण वेगाच्या बाजूला धरून ठेवा. काही इंजिनांत तिथं एकावर एक येणारी दोन भोकं असतात, ती जुळवून त्यात बारीक ड्रिल बिट घातलं की हात मोकळा राहतो. तशीच धरून नळीवर क्लॅम्प आवळा. फार आवळलात तर नळी चेपून तार अडते. आता लिव्हर 'बंद'वर नेऊन पट्टी इंजिन बंद करणाऱ्या पत्र्याला खरंच टेकते का ते डोळ्यांनी बघा. चोकही याच लिव्हरवर असेल तर एअर फिल्टर काढून चोकची झडप पूर्ण मिटते का, तेही बघून घ्या. तिथंच शेजारी गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, नाजूक स्प्रिंग असते. वेग वाढवायला ती ताणायचा मोह अनेकांना होतो. तिला हात लावू नका. इंजिनाचा कमाल वेग तिच्या ताणावर ठरतो आणि त्या वेगाला ते पातं बांधलेलं आहे.

ब्रेकची केबल लावताना दांडी सोडलेल्या स्थितीत तारेत एक-दोन मिलिमीटर ढिलाई हवीच. बोटानं तार हलवली की किंचित खुळखुळली पाहिजे. मग दुसऱ्या कुणाला तरी दांडी दाबायला सांगून इंजिनाकडची ब्रेकची पट्टी शेवटपर्यंत जाते का बघा. दोन्ही एकदम जमत नसेल तर ॲडजस्टरशी कुस्ती करू नका, बाहेरची तार चुकीची आहे.

चाकांच्या केबलला लिव्हर सोडून मशीन पुढं-मागं ढकला, मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हर दाबून मागं ओढलं की चाकं अडली पाहिजेत. ॲडजस्टर संपेपर्यंत फिरवूनही चाकं घसरत असतील तर आता चाकांना फिरवणारा पट्टा बघा, केबलची चूक नाही.

चाचणी

प्लगची टोपी अजून लावू नका. दांडी सोडून दोरी ओढा: जड लागली पाहिजे. दांडी दाबून ओढा: सुटसुटीत. हे जमलं की टोपी लावा, मशीन मोकळ्या सपाट जागी न्या, आजूबाजूची पोरं लांब पाठवा आणि चालू करा. दांडी सोडा आणि एक, दोन, तीन मोजा. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की हात सुटल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. आपल्या गवताला ते मोजमाप लावायला काहीच हरकत नाही. चौथा आकडा उच्चारावा लागला तर मशीन गवतावर नेऊ नका. ही चाचणी मी सलग पाच वेळा करतो. नवी केबल पहिल्या काही वापरांत किंचित बसते, म्हणून दोन-तीन कापण्यांनंतर ढिलाई पुन्हा बघावी लागते.

उसाच्या बांधावर ब्रश कटर वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू आहे. त्याच्या ॲक्सिलरेटर केबललाही एक-दोन मिलिमीटर ढिलाई लागते, नाहीतर ट्रिगर सोडूनही पातं फिरतच राहतं.

पावसाळ्यात केबल मरते ती पाणी वरून शिरल्यामुळं. हँडलकडचं टोक आभाळाकडं तोंड करून उभं असतं, पाणी नळीत उतरतं आणि इंजिनाजवळच्या खालच्या बाकात साचून बसतं. गंज नेहमी तिथंच सापडतो. मशीन धुताना पाईपचा फवारा लिव्हरच्या पेटीवर मारू नका, वरच्या तोंडाशी महिन्याला दोन थेंब तेल सोडा आणि शेडमध्ये हँडलवर एक जुनी पिशवी उलटी घाला. आमच्याकडं तांदळाची आहे.

जुनी केबल लगेच फेकू नका. तिला कागद बांधून त्यावर ते तीन आकडे लिहा आणि शेडमध्ये खिळ्याला अडकवा, पुढच्या वेळी नमुना शोधावा लागत नाही. मी अडकवली होती. परवा बघतो तर खिळा मोकळा, आणि काकांनी दुधी भोपळ्याचा मांडव तिनं बांधलेला. कागद मात्र जपून त्यांनी माझ्या हातात आणून दिला.